हरवलेला अनुस्वार

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. आमच्या शाळेच्या संगणक-कक्षात सातवीच्या वर्गातील एक मुलगी पडद्यावरचा मराठी उतारा मोठ्याने वाचीत होती. उतारा महात्मा जोतीराव फुल्यांविषयी होता. “त्याचा जन्म १८२७ साली झाला, त्याच्या घराण्याचा फुलाचा व्यवसाय होता,” असे ती वाचू लागली आणि माझा पारा चढला. तीस वर्षे मराठी शिकविणाऱ्या माणसाला असले वाचन सहन होत नाही. थोरांचा उल्लेख एकवचनी करतात का, असे म्हणून मी तिला चार पोरांदेखत फटकारले. पोर रडवेली झाली; पण जागची हलली नाही. बोट पडद्यावर ठेवून ती हळूच म्हणाली, “सर, टिंब नाहीच की हो इथं.”

मी चष्मा पुसून जवळ गेलो. खरोखरच टिंब नव्हते. उताऱ्यात ते होते, कारण तो मीच टंकित केला होता. परंतु पडद्यावर ते कोठेतरी विरून गेले होते. ‘त्यांचा’चे ‘त्याचा’ झाले होते, ‘फुलांचा’चे ‘फुलाचा’ झाले होते. खाली पाहतो तो ‘नंदी’ची ‘नदी’ झालेली आणि ‘रंग’ नुसताच ‘रग’ उरलेला! मराठी भाषेत आदर म्हणजे पुष्कळदा डोक्यावरचा एक ठिपकाच असतो, हे त्या दिवशी मला जितके कळले तितके एम. ए.च्या व्याकरणाच्या तासांनाही कळले नव्हते.

मुलीची मी वर्गासमोर क्षमा मागितली. पण प्रश्न उरलाच: टिंब गेले कोठे? त्याचा शोध घेता घेता आम्ही एका जुन्या ग्राफिक्स कार्डापर्यंत आणि मुक्त संचालन प्रणाली नावाच्या एका विलक्षण सार्वजनिक उद्योगापर्यंत जाऊन पोहोचलो. त्या शोधाची ही हकीकत. आपल्या घरीही एखादा जुना संगणक कपड्याखाली झाकून ठेवलेला असेल. त्या दृष्टीने ती उपयोगी पडावी.

चार यंत्रे आणि एक यादी

ठाणाकुशनूर हे बिदर जिल्ह्यातले, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. १९५६ पूर्वी उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुकेही बिदर जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत ते त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, राहिलो. सोयरीक मात्र सीमा पाहून होत नसल्यामुळे आमच्या घरांत अक्का, अण्णा आणि आत्याबाई एकाच पंगतीला बसतात. सरकारी शाळेतील आमची मुले घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि आठवडी बाजारात दोन्ही मिसळून बोलतात. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी संगणक नाही. शाळेतला संगणक हाच त्यांचा पहिला आणि कित्येकांचा एकमेव संगणक.

शाळेतली जुनी यंत्रे एकामागून एक बंद पडली होती. विंडोज ७ या प्रणालीचा पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. आणि विंडोज ११ ला लागणारी यंत्रसामग्री आमच्या जुन्या यंत्रांत असण्याचा संभव नव्हता. निकामी वस्तूंच्या निर्लेखनाची यादी करावयास मी बसलो होतो. अशा वेळी पुण्यास असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा निरोप आला. त्याचा अक्षरजुळणीचा लहानसा व्यवसाय होता. तो आवरताना चार संगणक शिल्लक राहिले होते. ते त्याने शाळेस देऊ केले. लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक जुळविण्यात त्या यंत्रांचे आयुष्य गेले होते. चित्रांचे काम असल्यामुळे प्रत्येकात वेगळे ग्राफिक्स कार्ड बसविलेले होते. जात जीफोर्स, वय सुमारे पंधरा वर्षे. यंत्रे उदगीरपर्यंत मालमोटारीने आणि तेथून टेंपोने आली. शिपाईमामांनी त्यांना नारळ फोडला, आणि मी निर्लेखनाची यादी तूर्त बाजूस ठेवली.

पडदा कसा उमटतो?

पुढील हकीकत समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. संगणकाचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी होय. आमच्या पडद्यांवर आडवे १,३६६ आणि उभे ७६८ असे एकूण १०,४९,०८८ ठिपके आहेत. यांपैकी प्रत्येक ठिपका कोणत्या रंगाचा असावा, हे सेकंदाला साठ वेळा पडद्याला कळवावे लागते. ते काम ग्राफिक्स कार्ड करते. त्याला स्वतःची स्मृती असते आणि आकडेमोड करणारा स्वतंत्र मेंदूही असतो, म्हणून मुख्य मेंदूवरचा भार हलका होतो.

आपल्या लिपीचा आणि कार्डाचा संबंध तसा जुना आहे. एके काळी संगणकाला देवनागरी येतच नसे. कानपूरच्या आय. आय. टी.त १९८० नंतरच्या दशकात भारतीय लिपींसाठी जे संशोधन झाले, त्यातून ‘जिस्ट’ हे तंत्र निघाले. त्या कामातील एक प्रमुख अभियंते मोहन तांबे हे होत. १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि हे काम तेथे आले. जिस्ट कार्ड नावाची एक पाटी संगणकात बसविली की इंग्रजीसाठी लिहिलेले कार्यक्रमसुद्धा मराठी, कन्नड, तमिळ अक्षरे दाखवीत. म्हणजे आपली अक्षरे दिसावीत म्हणून एक अख्खे कार्ड विकत घ्यावे लागे. आता तसे राहिलेले नाही. जोडाक्षर कसे जुळवावे, रफार कोठे बसवावा, वेलांटी आधी की अक्षर आधी, हे सर्व आता सॉफ्टवेअर ठरविते. कार्डाकडे उरते ते ठिपके जागच्या जागी मांडण्याचे काम. परंतु तेच चुकले तर जोडाक्षराचे सारे शास्त्र व्यर्थ जाते.

कार्डाला काय करावयाचे ते सांगतो कोण? येथे ‘ड्रायव्हर’ नावाची आज्ञावली येते. सीमाभागातील माणसाला ही कल्पना चटकन समजते, कारण ड्रायव्हर म्हणजे दुभाष्याच. संचालन प्रणाली एक भाषा बोलते, कार्ड दुसरी. मधे दुभाष्या नसेल तर कचेरीत खिडकीसमोर उभ्या असलेल्या, कन्नड न जाणणाऱ्या म्हाताऱ्यासारखी कार्डाची अवस्था होते. अंगी कसब असूनही ते मुके ठरते.

दुभाष्याची वही

आता दुभाष्ये दोन प्रकारचे असतात. पहिला आपल्या शब्दांची वही खिशात ठेवतो आणि कोणालाही दाखवीत नाही. तो आहे तोवर काम उत्तम चालते. तो निवृत्त झाला की वही त्याच्याबरोबर जाते. दुसरा आपली वही चावडीवर उघडी ठेवतो. तो गेला तरी ती वाचून दुसरा कोणीही काम पुढे चालवू शकतो.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा उगमही अशाच एका वहीपाशी आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम. आय. टी.च्या प्रयोगशाळेत एक लेसर मुद्रणयंत्र आले. त्यात कागद वारंवार अडके. रिचर्ड स्टॉलमन या तरुण तंत्रज्ञाला त्याच्या आज्ञावलीत सुधारणा करावयाची होती. पण ती आज्ञावली त्याला वाचावयास मिळाली नाही. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. पुढे १९९१ मध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला, तोच लिनक्स. या दोहोंच्या आधारे पुढे अनेक प्रणाली सिद्ध झाल्या. आम्ही निवडलेली डेबियन ही त्यांपैकी एक. इयन मरडॉक याने १९९३ मध्ये ती सुरू केली आणि आपल्या तेव्हाच्या मैत्रिणीचे ‘डेब्रा’ हे नाव व स्वतःचे ‘इयन’ हे नाव जोडून तिचे बारसे केले. तिची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘मुक्त’ म्हणजे केवळ फुकट नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. ती वापरावी, उघडून पाहावी, सुधारावी आणि शेजाऱ्यालाही द्यावी, अशी ती मोकळीक आहे.

आमच्या जातीच्या कार्डांची कथा तर मोठी मनोरंजक आहे. ही कार्डे करणारी एन्व्हिडिया ही कंपनी १९९३ मध्ये स्थापन झाली. लिनक्ससाठी ती स्वतःचा ड्रायव्हर देत असे; पण त्याची वही बंद होती. जीफोर्स ८, ९ आणि २०० या मालिकांसाठी असलेल्या ‘३४०’ क्रमांकाच्या शाखेचा पाठिंबा २०१९ च्या अखेरीस संपला. दहा-बारा वर्षे सांभाळ झाल्यावर तो संपावा, यात तक्रार करण्यासारखे काही नाही. जगाची रीतच ती आहे. परंतु वही बंद असल्यामुळे तो ड्रायव्हर नव्या प्रणालीशी जुळवून घेण्याचे काम दुसऱ्यांनाही नीट करता येईना.

येथे स्वयंसेवकांची एक मंडळी उपयोगी पडली. २००५ च्या सुमारास स्तेफान मार्शेसां या फ्रेंच अभ्यासकाने या कार्डांसाठी मोकळा ड्रायव्हर लिहिण्याचा उद्योग आरंभिला. आधीच्या अपुऱ्या ड्रायव्हरचे नाव ‘एनव्ही’ असे होते. मार्शेसां यांच्या संगणकावर ही दोन अक्षरे टंकिली की त्यांचा आपोआप ‘नुव्हो’ हा शब्द होई. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘नवा’. तेच नाव रूढ झाले.

कंपनीची वही मिळत नसताना हे काम झाले कसे? आपल्या घराघरांत घडते तसेच. काळ्या मसाल्याचे प्रमाण सासूबाई सांगत नाहीत. मग सून परातीशेजारी बसून त्या कोणत्या डब्यातून किती चिमटी घेतात, हे मनात टिपून ठेवते. या मंडळींनी कंपनीचा बंद ड्रायव्हर चालू ठेवला आणि तो कार्डाच्या कोणत्या कप्प्यात कोणता आकडा केव्हा लिहितो, याची नोंद करणारे साधन तयार केले. देशोदेशींच्या लोकांनी आपापल्या कार्डांवर ते चालवून नोंदी पाठविल्या. त्या ताडून पाहून कार्डाची भाषा उलगडली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या २.६.३३ या आवृत्तीत नुव्होला गाभ्यातच स्थान मिळाले. तेव्हापासून लिनक्स जेथे जाईल तेथे हा दुभाष्या बरोबर जातो. त्याला वेगळे आमंत्रण लागत नाही.

हे सर्व मला आधी ठाऊक असते, तर पुढचे रामायण टळले असते.

आमच्या दोन चुका

डेबियन बसविण्याचे काम मी आणि विज्ञानाचे सहशिक्षक अशा दोघांनी केले. त्यांनी कोठेसे ऐकले होते की, जुने कार्ड असले म्हणजे प्रणाली सुरू होतानाच्या आज्ञेत ‘नोमोडसेट’ हा शब्द घालावा. का घालावा, हे त्यांनी विचारले नव्हते आणि मीही विचारले नाही. चारही यंत्रांत आम्ही तो कायमचा लिहून टाकला. ही आमची पहिली चूक.

या शब्दाचा अर्थ नंतर समजला. पडद्याची रचना ठरविण्याचे काम गाभ्याने आपल्या ड्रायव्हरकडे देऊ नये, अशी ती मनाई आहे. पडदा काळाच राहत असेल तर तात्पुरते आत शिरण्यासाठी ती फार उपयोगी पडते. पण ती कायम ठेवली की नुव्हो दारातच अडतो. मग कार्डाच्या अंगच्या अगदी प्राथमिक सोयीवर चित्र उमटते. आमच्याकडे ते ८०० गुणिले ६००, म्हणजे ४,८०,००० ठिपक्यांचे होते. दहा लाखांवर ठिपके असलेल्या पडद्यावर निम्म्याहून कमी ठिपक्यांचे चित्र ताणून बसविले, तर काय होणार? लुगडे अपुरे पडले की पदर डोक्यावर राहत नाही, तसे झाले. जाड काने आणि शिरोरेषा तेवढ्या टिकल्या. एक-दोन ठिपक्यांचा अनुस्वार शेजारच्या पांढऱ्यात मिसळून गेला. कन्नड उताऱ्यांतील अक्षरांखालचे ओत्तक्षरही असेच चिकटून बसले होते. इंग्रजी अक्षरांना डोक्यावर आणि पायाशी एवढा संसार नसल्यामुळे तिकडे विशेष बिघडले नाही, आणि म्हणूनच आमच्या लक्षात काही आले नाही. ते लक्षात आले ते त्या मुलीच्या वाचनामुळे.

टिंबाचा शोध सुरू झाल्यावर आम्ही दुसरी चूक केली. कार्डाला कंपनीचा अस्सल ड्रायव्हर हवा, असा तर्क करून एका यंत्रात आजच्या कार्डांसाठीचा नवा ड्रायव्हर बसवावयास घेतला. मधेच एक इंग्रजी सूचना आली आणि तिच्या खाली ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन पर्याय दिसले. मी ‘होय’ दाबले. सूचना वाचली नाही. पुन्हा सुरू केल्यावर काळा पडदा आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक आडवी रेघ! उरली सुरली अक्षरेही गेली.

शिपाईमामा दारात उभे होते. “सर, यादीत घालावं का मग ह्येबी?” असे त्यांनी विचारले. त्यांच्या मनात काही वाकडे नव्हते. मला मात्र तो प्रश्न लागला. एवढ्या लांबून प्रेमाने आलेली यंत्रे माझ्या हातून भंगारात जाणार होती, आणि सातवीची मुले पुढच्या वर्षी संगणक न हाताळताच आठवीत जाणार होती.

येळवशीच्या दिवशी

मार्गशीर्ष अमावास्येला आमच्या भागात येळवस असते. सारे गाव शेतात जाते. कडब्याच्या खोपीत पूजा होते. भज्जी, उंडे आणि आंबील यांचे जेवण होते. त्या सुटीत आमची एक माजी विद्यार्थिनी गावी आली होती. ती उदगीरला संगणकशास्त्र शिकते. आमच्या शेतावर तिचे आईवडील आंबील प्यावयास आले, तेव्हा बोलता बोलता मी आपली फजिती सांगितली. “जेवण झाल्यावर शाळा उघडा, सर. मी बघते,” असे ती म्हणाली.

तिने काळ्या पडद्याच्या यंत्राशी बसून तीन कळा एकत्र दाबल्या. चित्र नसलेला, नुसत्या अक्षरांचा पडदा उघडला. यंत्र सुरू होताना प्रणाली आपली रोजनिशी लिहीत असते. ती तिने वाचावयास घेतली. दोन मिनिटांत एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “सर, हे वाचा.” तेथे स्वच्छ इंग्रजीत लिहिले होते की, या संगणकातील कार्ड जुन्या ३४० शाखेचे असून हा ड्रायव्हर त्यासाठी नाही. मग तिने विचारले, “बसवताना इशारा आला असेल. हे कार्ड आता चालत नाही, तरीही बसवू का, असा. तुम्ही काय दाबलं?”

“होय,” मी म्हणालो.

ती हसली. मग जरा संकोचून म्हणाली, “सर, उतारा पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका, असं तुम्हीच आम्हाला सांगायचे.”

यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

पुढचे काम अर्ध्या तासाचे होते. नव्या ड्रायव्हरने आपली जागा घेताना नुव्होला बंदी घालणारी एक नोंद ठेवली होती. तिने तो ड्रायव्हर त्याच्या सर्व नोंदींसह काढून टाकला. प्रणाली सुरू होताना वापरावयाचा प्राथमिक संच पुन्हा तयार केला. शेवटी सुरुवातीच्या आज्ञेची ओळ उघडली आणि ‘नोमोडसेट’ दिसताच थांबून विचारले, “हा शब्द इथं कशाला?” तेव्हा आमची पहिली चूकही उघडकीस आली. शब्द पुसला, यादी ताजी केली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. पडदा क्षणभर काळा झाला. माझ्या पोटात गोळा आला. मग कडेपासून कडेपर्यंत स्वच्छ चित्र उमटले. मी फुल्यांचा उतारा उघडला. ‘त्यांचा जन्म’. टिंब जागेवर होते.

विशेष असे की, तिने काहीही नवे बसविले नाही. आम्ही जे घातले होते, तेवढेच काढले. दुभाष्या पहिल्या दिवसापासून घरातच होता. त्याच्या तोंडावर हात ठेवणारे आम्हीच होतो.

उरलेल्या तीन यंत्रांपैकी एक त्याच रीतीने ठीक झाले. दुसऱ्याचा पडदा तरीही उमटेना. तिने वीज तोडून कार्ड खाचेतून काढले आणि आमच्याच एका मुलाचे पांढरे खोडरबर घेऊन कार्डाच्या सोनेरी दातांवर हलकेच घासले. वर्षानुवर्षांचा काळपट थर गेला. पंख्यातील धूळ रंगाच्या मऊ ब्रशने झाडली. कार्ड परत बसविले; चालू झाले. चौथ्यावरील काही धारित्रे मात्र वरून फुगलेली होती. ते यंत्र यादीत घालावे लागले. चारांपैकी तीन. परीक्षेतील पंचाहत्तर टक्के मी वाईट मानीत नाही.

घरच्या संगणकासाठी चार शब्द

आपल्या घरीही असा प्रयोग करावासा वाटला, तर आमच्या फजितीतून निघालेल्या या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रथम यंत्रातील कामाचे सारे कागद व छायाचित्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. नंतर कार्डाचे नाव शोधावे. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने ते पडद्यावर मिळते. मुक्त प्रणाली प्रथम पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावी. डेबियन, मिंट वगैरे प्रणालींत तशी सोय आहे, आणि तीत जुन्या प्रणालीला धक्का लागत नाही. पडदा नीट दिसला तर ड्रायव्हरच्या वाटेला जाऊच नये.

ज्यांची कार्डे एटीआय किंवा एएमडी कंपनीची आहेत त्यांची वाट अधिक सोपी आहे. एएमडीने २००६ मध्ये एटीआय विकत घेतली आणि २००७ पासून कार्डांची माहितीपत्रके प्रसिद्ध करावयास सुरुवात केली. त्यामुळे तेथे वही चोरून पाहण्याची वेळ आली नाही. मात्र त्या कार्डांना ‘फर्मवेअर’ नावाची एक लहान पुरवणी लागते. डेबियनच्या जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून ती मूळ संचातच मिळते. अपेक्षाही बेताच्या ठेवाव्यात. जुन्या कार्डावर नुव्हो लेखन, वाचन, चित्रे काढणे आणि साधे चित्रपट निभावून नेतो. नव्या धावत्या खेळांची हौस मात्र भागणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सूचना वाचावी. मग होय किंवा नाही म्हणावे.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यातील जेमतेम २२.३ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. आपल्या देशातही अशा कचऱ्याविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. आमची तीन यंत्रे त्या ढिगात गेली नाहीत एवढ्याने जग सुधारले, असे मी म्हणत नाही. पण शेजारच्या केरळ राज्यात सरकारी शाळांनी वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवरच मुलांना शिकविले आहे. तेथे जे राज्याच्या पातळीवर झाले, ते एका खेड्यातील शाळेत तीन यंत्रांपुरते व्हावयास काय हरकत आहे?

मला स्वतःला यातील दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. आमच्या मुलांनी आपल्या आजीआजोबांकडून गोळा केलेल्या शब्दांची एक वही शाळेत आहे. आमच्याकडील पेरणीच्या तिफणीला कन्नड शेजारी ‘कूरिगे’ म्हणतो, सुपारीच्या अडकित्त्याचे नाते कन्नडातील ‘अडकत्तरी’शी लागते, तूप आणि ‘तुप्प’ ही तर एकाच घरची भावंडे. असे शब्द देवनागरी आणि कन्नड अशा दोन्ही लिपींत उतरवून ठेवण्याचे काम आता या तीन यंत्रांवर चालू आहे. अशा कामात एक टिंब किंवा एक ओत्तक्षर गेले, तर शब्दच दुसरा होतो. सीमेवर राहणाऱ्या माणसांच्या भाषेची पुंजी आधीच थोडी असते. ती धूसर पडद्यामुळे आणखी उणी होऊ नये.

आपल्याकडे बिदरी कामाची भांडी प्रसिद्ध आहेत. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदी जडवितात आणि शेवटी किल्ल्यातील जुनी माती नवसागरात कालवून तिचा लेप देतात. धातू काळा होतो आणि चांदी उठून दिसते. त्या कामाला जुनीच माती लागते, असे कारागीर सांगतात. जुने म्हणजे टाकाऊ असे सरसकट ठरविण्यापूर्वी आपल्या भागातील माणसाने तरी क्षणभर थांबावे.

निर्लेखनाची यादी मी पाठविली. तीत तीन यंत्रे कमी आहेत. शब्दांची वही टंकित करण्याच्या कामावर ज्या पाच मुलांची योजना केली आहे, त्यांत सातवीची ती मुलगीही आहे. काम तपासण्याची जबाबदारी मी तिच्याकडेच दिली आहे. परवा तिने माझ्याच एका नोंदीत गळलेला अनुस्वार दाखविला. या वेळी दोष कार्डाचा नव्हता.